खंडाचा दिवस

"अरे, पण मी नसलो तर तिथं चालेल कसं?"

मोहरीलसाहेबांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. डोमाजीबुवा शेंगा सोलत होते. त्यांनी एक शेंग साहेबांपुढे केली.

वैनगंगेच्या काठी, महादेवाच्या देवळामागं बुवांची झोपडी. साहेब पाटबंधारे कार्यालयात अधीक्षक होते तेव्हा बुवा त्यांचे शिपाई. दोघं एकाच दिवशी निवृत्त झाले, एकाच मांडवात दोघांना शाल-नारळ मिळाला. डोमाजी नारळ घेऊन नदीवर आले ते परत गेलेच नाहीत. साहेब मात्र आठव्या दिवशी करारावर त्याच खुर्चीत हजर!

नियम असा, की निवृत्तिवेतन चालू राहतं आणि वर मानधन. पण नेमणूक अकरा महिन्यांचीच. मग एक दिवसाचा खंड, मग नवा आदेश. आज साहेबांचा खंड होता. घरी बायकोनं बॅग भरून ठेवली होती. उद्याचा आदेश घेतलात तर मी लेकीकडे चालले, ती म्हणाली होती, आणि या वेळी ती खरंच जाणार होती.

"मंग नका घेऊ," बुवा म्हणाले.

"फाइली पडून राहतील रे..."

"सही तुमचीच असते ना जी?"

साहेब वरमले. "करारावरच्या माणसाला सहीचा अधिकार नसतो. टिपणी मी लिहितो. सही नवीन मॅडम करतात."

"अन् तुमचं काय हाये तिथं?"

"घंटी आहे ना!"

त्यांनी पिशवीतून टेबलावरची पितळी घंटी काढली. एका दिवसात कोणी पळवू नये म्हणून सोबत आणली होती. हसू येतं, पण त्यांची कीवही येते.

"तू सुटलास कसा, डोमाजी? मलाही उद्या नाही म्हणायचंय... म्हणवत नाही."

"वाजवा," बुवा म्हणाले.

टण्!

बुवा शेंगा सोलत राहिले.

टण्! टण्!

"ऐकू येतंय ना तुला?"

"येते ना जी. आवाज चांगला हाये."

"बत्तीस वर्षं पहिल्या ठोक्याला धावत यायचास!"

"येत होतो."

साहेबांनी घंटी खाली ठेवली. "हेच शिकव मला."

"सोपं हाये. बसा. उठू नका, बस्स."

साहेबांनी मांडी घातली, डोळे मिटले. पाच मिनिटं गेली... कपाळावरची आठी खरंच उतरली.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

साहेब टुणकन उठले. "बोला मॅडम! कपाटाची किल्ली? माझ्याच खिशात आहे. नाही नाही, माणूस कशाला पाठवता? मीच येतो! हा निघालो!"

चपला उलट्या पायांत घालून ते पायवाटेला लागलेसुद्धा. मग आठवण झाली, तसे धापा टाकत मागं आले.

"घंटी..."

बुवांनी घंटी धोतराच्या सोग्यानं पुसली आणि दोन्ही हातांनी त्यांना दिली.

"ही मॅडमच्या टेबलावर ठेवजा, साहेब."