मुंगी धावली आणि घरच्यांनी पाठ फिरवली

एका जंगलात तळ्याकाठी एक मुंगी राहत असे. एक म्हणजे एकटी नव्हे. मुंगी कधी एकटी असते का? खात्री करायची तर साखरेचा डबा उघडा टाकून बघा, आणि आईचा धपाटा बसला तर माझं नाव सांगू नका. तर या मुंगीला चारशे बहिणी होत्या आणि सगळ्यांना धाकात ठेवणारी एक थोरली आत्या होती. वारूळ छान होतं. पण एके दिवशी एक अस्वल आलं, त्याने वारुळात नाक खुपसलं आणि बघता बघता घराचा ढिगारा झाला. अंडी उघड्यावर पडली. ऊन तर असं की संध्याकाळपर्यंत सावली मिळाली नाही तर अंडी वाळून जाणार.

जवळच उंबराच्या खोडात एक गार, कोरडी ढोली रिकामी होती. पण ती गोमेलाही हवी होती आणि शेणकिड्यालाही. शेवटी ठरलं, की तळ्याला दोन फेऱ्या मारायच्या. जो आधी उंबराशी येईल, त्याच्या घरच्यांची ढोली. तुम्हाला ते तळं दोन उड्यांचं वाटेल, पण मुंगीच्या पायांना ती मॅरेथॉनच. पंच म्हणून बेडकाला बसवलं, कारण त्याच्यासमोर लबाडी करायची कुणाची छाती नव्हती.

"घाबरू नका, मी जेवून आलोय," बेडूक म्हणाला. तरी तिन्ही धावपटू त्याच्यापासून जरा लांबच उभे राहिले.

शर्यत सुरू झाली. मुंगी सगळ्यांच्या पुढे. गोम तिच्या मागे. गोमेची आई काठाकाठाने तिच्याबरोबर चालत होती आणि सारखी सांगत होती, "उन्हात जाऊ नकोस गं बाळा, त्या पानाखालून जा." शेणकिडा सगळ्यात मागे. तो आपली शेणाची गोळी मागच्या पायांनी ढकलत उलटा येत होता.

"अरे, निदान आज तरी गोळी घरी ठेवायचीस," बेडूक म्हणाला.

"आणि कुणी पळवली म्हणजे?" शेणकिडा म्हणाला.

आता मुंग्यांची एक रीत आहे. भिंतीवर तुम्हीही पाहिली असेल. समोर घरच्या मुंगीचं तोंड दिसलं की थांबायचं, मिशीला मिशी लावायची, मगच पुढे जायचं. मग कितीही घाई असो. जी तशीच पुढे गेली ती परकी, आणि परकीला सगळ्यांनी मिळून चावायचं. ही रीत कुणी घातली ते कुणालाच ठाऊक नाही. तुमच्या घरीही अशा दोन-चार रीती असतील, आजोबांना विचारा आणि त्यांची फजिती बघा.

तर उंबराच्या अलीकडे चारशे बहिणी वाटेच्या कडेला रांग लावून उभ्या होत्या. धावणारी बहीण दिसताच त्यांनी एकच गलका केला. "आली, आली. पळ गं ताई."

ताई पळत आली आणि पहिल्या बहिणीपाशी थांबली. मिशीला मिशी लावली.

"छान पळतेस हो," बहीण म्हणाली.

दुसरीपाशी थांबली. "पाणी प्यायलीस का?"

तिसरी म्हणाली, "त्या दोघींना केवढा वेळ दिलास. मला एवढासाच?"

पन्नासाव्या बहिणीपाशी ती पोहोचली तेव्हा गोम पुढे निघून गेली. दोनशेव्या बहिणीपाशी चक्क शेणकिडा पुढे गेला. त्याने जन्मात पहिल्यांदाच कुणाला तरी मागे टाकलं होतं. त्याचाच त्याच्यावर विश्वास बसेना. तो इतका थक्क झाला की गोळीवरचा पाय सुटला, गोळी गडगडत तळ्याकडे गेली आणि तो तिच्यामागे. शर्यतीतून तो गेला तो गेलाच.

चारशे बहिणी उरकून मुंगी दुसऱ्या फेरीला लागली, तोवर गोम पार पलीकडच्या काठाला दिसत होती.

थोरल्या आत्याला काही समजेना. "आपली पोर इतकी पुढे होती, मग रखडली कुठे?"

एक धाकटी बहीण हळूच म्हणाली, "आत्या, ती आपल्यापाशीच रखडली."

आत्याच्या मिश्या जागच्या जागी थांबल्या. चारशे बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. अंड्यांवर ऊन सरकत होतं.

"सगळ्या घरी जा," आत्या म्हणाली. एकही हलली नाही. जाणार कुठे? घर होतं कुठे?

"बरं, मग मी सांगते तसं करा. आणि पळत जाऊन तिला सांगायला कुणी जाऊ नका. सांगायला गेलात की पुन्हा मिशीला मिशी लावावी लागेल."

मुंगी दुसऱ्यांदा वळणावरून आली. समोर चारशे बहिणी होत्या आणि चारशेच्या चारशे पाठ करून उभ्या होत्या. थोरली आत्यासुद्धा.

मुलांनो, वारुळातून जिला कायमचं हाकलतात, तिच्याकडेच मुंग्या अशी पाठ करतात. मुंगी जागीच थबकली.

"आत्या?" ती म्हणाली. आत्या वळली नाही.

"माझं काय चुकलं?"

तळ्याकाठी जमलेले सगळे माना वळवून बघू लागले. नाकतोड्याने तोंडातलं पान चावायचं थांबवलं. गोमेची आई तर डोळे फाडून बघतच राहिली. "काय ही घरची माणसं. माझी मुलगी शंभरावी आली असती, तरी मी असं केलं नसतं."

इतकी ती त्या पाठींकडे बघत राहिली, की आपली मुलगी उंबरापासून चार पावलांवर एका पानाखाली थांबली आहे, हेच ती विसरली. गोम तिथून विचारत होती, "आई, आता ऊन आहे. कुठून जाऊ?" आईला ऐकू येत नव्हतं. आणि आईने सांगितल्याशिवाय पाऊल टाकायची गोमेला सवय नव्हती, पाय इतके असूनही.

मुंगीने रांगेकडे एकदा पाहिलं. मग अंड्यांकडे पाहिलं. 'मला टाकलं तर टाकलं,' ती मनात म्हणाली, 'पण ही सावलीत जायला हवीत.' आणि ती पळाली. चारशे पाठींजवळून गेली, एकदाही थांबली नाही. पानाखालच्या गोमेजवळून गेली आणि उंबराच्या खोडाला जाऊन भिडली.

कुणीही टाळी वाजवली नाही. मुंगी खाली मान घालून उभी राहिली. "पंच, ढोली माझ्या घरच्यांना द्या," ती म्हणाली. "मी दुसरीकडे कुठेतरी राहीन."

बेडकाने निकाल सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात रांगेतून थोरल्या आत्याचा आवाज आला. तिची पाठ अजून इकडेच होती.

"पंच, पोहोचली का हो ती?"

"पोहोचली."

"पहिली?"

"पहिली."

"मग आता आम्ही वळलो तर चालेल का?"

मुंगीने वर पाहिलं. चारशे बहिणी एकदम वळल्या. त्यांच्यापैकी एकीनेही तिला जिंकताना पाहिलं नव्हतं.

आधी सगळ्यांनी मिळून अंडी ढोलीत नेली. मग मुंगी पहिल्या बहिणीपासून सुरुवात करून एकेकीच्या मिशीला मिशी लावत निघाली. ते इतका वेळ चाललं की शेवटी बेडूक म्हणाला, "चालू द्या तुमचं, पण मला आता परत भूक लागलीय." उरलेल्या शंभर बहिणी किती भरभर उरकल्या म्हणून सांगू.

तात्पर्य : आपलं माणूस धावत असेल तर आधी त्याची वाट मोकळी करावी, कौतुकाला ढोलीत पोहोचल्यावर भरपूर वेळ असतो, आणि पाठ फिरवलेला प्रत्येक जण रुसलेलाच असतो असं समजू नये.