आतली कडी

"मग माझं चुकलं कुठे, बुवा?"

सारंगधराने हातातली बादली जमिनीवर आदळली. मठाच्या वृद्धाश्रमातल्या खोल्या त्याच्याकडे होत्या आणि त्याला त्याचा भारी तोरा. फरशी अशी लख्ख की तोंड पाहावं. नळ गळत नव्हता, पंखा कुरकुरत नव्हता, खाटेचा पाय डुगडुगत नव्हता.

आणि अशाच एका खोलीत भीमाक्का वाळत चालल्या होत्या. आल्यापासून कुणाशी शब्द नाही. पेजेचे दोन घोट घ्यायच्या आणि भिंतीकडे तोंड करून बसायच्या. डॉक्टरांनी हात टेकले होते. अक्का अशा फार दिवस काढणार नाहीत हे सारंगधराला दिसत होतं आणि त्याचा जीव तुटत होता.

मठाचे प्रमुख दयार्णवबुवा उठून अक्कांच्या दाराशी गेले. दार नेहमीसारखं सताड उघडं. त्यांनी दाराच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवलं. कडीच्या जागी नुसती भोकं होती.

"हे?"

"मीच काढली कडी. झाडायला आलं की ताटकळावं लागायचं."

हत्यारांच्या पेटीतून बुवांनी कडी शोधली आणि गुडघ्यावर बसून स्वतःच्या हाताने बसवली...

"बुवा, अक्का आत पडल्याबिडल्या तर?"

"हलकीच आहे. खांदा लावलास की निघेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी सारंगधर झाडू घेऊन नेहमीच्या झपाट्यात आला आणि दारावर आपटला. आतून कडी होती.

त्याने ठोठावलं.

काही नाही...

तो खांदा लावणार, तोच आतून खणखणीत आवाज आला.

"थांब की जरा. लुगडं नेसतीया. मुडद्या, बाईमाणसाच्या खोलीत इचारून यावं, येवढं बी कळंना?"

सारंगधर जागीच खिळला.

"आनि येताना भाकरी आन. पेज नगं."

तो झाडूसकट स्वयंपाकघराकडे पळाला. भेटेल त्याला सांगत सुटला, अक्कांनी मला शिवी दिली. सगळा आश्रम हसत होता.

बुवांपुढे आला तेव्हा त्याचे डोळे वाहत होते.

"बुवा, अक्का बोलल्या. अख्खी भाकरी खाल्ली..." मग त्याला आठवलं. "खोली मात्र झाडायची राहिली."

"राहिली कुठे?" बुवा म्हणाले. "बाहेर निघायचं ते निघालं की."