पुरणपोळीला पाडलेलं भोक

राजाज्ञा सुटली! झिरेवाडीच्या माळावर परवा सकाळी नळी ठोकायची!

नळी साधीसुधी नव्हे. लोखंडी, लांबलचक, जमिनीच्या पार पोटात जाणारी. तिच्यातून जोरानं औषधी पाणी आत मारायचं, खालचा खडक तडकवायचा आणि त्यात कोंडलेला जळाऊ वायू वर काढून राजवाड्यातले दिवे पेटवायचे. राजा दीपसेनाला दिव्यांची भारी हौस. प्रजेच्या घरात अंधार असला, तरी तो बघायला राजाला लख्ख उजेड लागे.

ही कल्पना अग्निदत्तशास्त्र्यांची. शास्त्रीबुवा फार मोठे विद्वान होते. तसं ते स्वतःच सांगत. शेजारच्या गावात त्यांनी एक प्रयोगही करून पाहिला होता. तिथल्या विहिरीला आता कुजका वास येई आणि म्हशी त्या पाण्याला तोंड लावत नसत. “म्हशी अडाणी असतात,” असा शास्त्रीबुवांनी निष्कर्ष काढला होता.

झिरेवाडीचे लोक मात्र म्हशींच्या बाजूचे निघाले. अख्खी वाडी दरबारात येऊन उभी राहिली.

“म्हाराज,” गणोजी पाटील हात जोडून म्हणाले, “आमचं समदं पानी त्या खडकाच्या वर हाय. खडक फुटला तर विहिरी नासतील. मग वाडी उठली म्हनून समजा!”

“छे छे!” शास्त्रीबुवा हसले. “वर पाणी, मधे खडक, खाली वायू! आम्ही वायू तेवढा काढणार. पाण्याला धक्कासुद्धा लागायचा नाही!”

“पर त्या औषधात घालता काय, बुवा?”

“ते गुपित आहे! पण निर्धोक आहे. मी सांगतो ना!”

राजानं जांभई दिली. “वाद पुरे! जमिनीच्या पोटात काय होतं, ते मला उद्या दुपारपर्यंत डोळ्यांनी दाखवा. पण मूठभर मातीसुद्धा उकरायची नाही! दाखवलंत तर नळी परत. नाहीतर नळी ठोकायला माणसंही वाडीनंच द्यायची!”

दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांना पगार त्याचाच होता.

पाटलांचा चेहरा उतरला. इतक्यात गर्दीतून रावजी माळ्याची लेक येसू पुढं आली.

“दाखवते जी! पर त्यासाठी म्हाराजांनी उद्या आमच्या मळ्यात जेवायला यावं.”

“बेत काय?” राजानं विचारलं. दिवसभराच्या कारभारात हाच एक प्रश्न त्यानं मनापासून विचारला.

“पुरणपोळी!”

“येतो!”

आता दीपसेनाच्या घराण्याची एक रीत साऱ्या मुलखाला ठाऊक होती. पानात वाढलेलं टाकायचं नाही! आजोबांनी दुष्काळात घातलेली ही शपथ राजा कसोशीनं पाळी. गादीवर बसताना घेतलेल्या बाकीच्या शपथा त्याला आठवत नसत, पण ही जेवणाची होती.

दुसऱ्या दिवशी राजा शास्त्रीबुवा आणि दरबाऱ्यांसह मळ्यात आला. आंब्याखाली पान मांडलं. येसूनं त्यावर टम्म फुगलेली पोळी वाढली आणि वर तुपाची धार धरली. राजानं हात पुढं केला.

“जरा थांबा, म्हाराज! हे तूप म्हंजे आमच्या विहिरीचं पानी. पोळीचा पापुद्रा म्हंजे खडक. आन् आत कोंडलंय ते पुरण म्हंजे तुमचा वायू! शास्त्रीबुवांनी आता तेवढं पुरण काढून दावावं. पापुद्रा फाटायचा न्हाई, तुपाला धक्का लागायचा न्हाई!”

तिनं एक पोकळ काडी आणि लालसर पाण्याची वाटी शास्त्रीबुवांपुढं ठेवली.

“वाटीत काय आहे?” बुवांनी संशयानं विचारलं.

“ते गुपित हाय! पर निर्धोक हाय. मी सांगते न्हवं!”

दरबारी फिसकन हसले. राजानं नुसती भुवई उचलली, तेवढी शास्त्रीबुवांना पुरली. त्यांनी काडी पोळीत खुपसली, तोंडभर लाल पाणी घेतलं आणि सगळा जीव एकवटून फुंकर मारली.

फट्! पोळी चार ठिकाणी फाटली. पुरण पानभर झालं, तूप लाल झालं, आणि उरलेलं पाणी बुवांच्या दाढीवरून ओघळलं. बुवा ओठ चोळत नाचू लागले. वाटीत मिरची कुटून घातली होती!

“थोडी... थोडीच फूट झाली!” ते कसेबसे म्हणाले. “बाकी प्रयोग यशस्वी!”

“तर मग म्हाराजांनी जेवायला बसावं,” येसू म्हणाली.

राजानं पानाकडं पाहिलं. आजोबांना मनातल्या मनात काय ते ऐकवलं आणि पहिला घास घेतला. दुसऱ्या घासाला कान लाल झाले. तिसऱ्याला डोळ्यांतून धारा लागल्या. पण पठ्ठ्यानं पान चाटूनपुसून साफ केलं आणि मग एकच आरोळी ठोकली, “पाणी! पाणी!”

येसू भरला तांब्या घेऊन उभीच होती. तहानलेल्याला अडवायची रीत वाडीत नव्हती. राजा घटाघटा पीत सुटला. गार, गोड पाणी! आणखी एक तांब्या झाला. जिवात जीव आला, तसा त्यानं डोळे वटारले.

“पोरी, राजाला मिरची चारतेस?”

येसूनं मान ताठ ठेवली. “चारली खरी! तुमची पोळी फुटली तवा तोंड निववायला ही विहीर तरी व्हती, म्हाराज. आमची विहीर फुटल्यावर आमी तांब्या घेऊन कुनाच्या दारात जायचं?”

राजानं रिकाम्या तांब्यात पाहिलं, मग लाल दाढीच्या शास्त्रीबुवांकडं पाहिलं. आणि तो असा खदखदून हसला की त्याला पुन्हा ठसका लागला!

“नळी परत! या खोऱ्यात विहिरीखेरीज कुणी भोक पाडलं, तर त्याला हेच पान वाढा!” त्यानं गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून येसूच्या हातावर ठेवला. “हा कंठा तुझा आणि माळ वाडीचा, कायमचा! आणि आता एक पोळी वाढ बघू. न फोडलेली!”