सुभेदारांचा सत्कार

प्राण्यांना बोलता येई त्या काळी, लढाईने मन पोळलेल्या सैनिकांना सोबती पुरवणाऱ्या कुत्र्यांच्या शाळेत सुभेदार रणपिसे आले. त्यांच्या हातातली कपबशी किणकिणत होती, पण ते लक्षात आलं एकट्या बावरीला, परीक्षेत नापास झालेल्या भेदरट कुत्रीला.

“सर, यांना भीती वाटतेय.”

“तुलाच वाटतेय! हो मागे,” मुख्याध्यापक भैरू गुरगुरला. “आधी सत्कार!”

शाल-श्रीफळ झालं आणि सुभेदारांच्या सन्मानार्थ फटाक्यांची माळ लागली. सुभेदार टेबलाखाली शिरले. पदकवाले कुत्रे मात्र शिकवल्याबरहुकूम सावधान उभे राहिले, आणि भैरूसरांचं शौर्यावरचं भाषणही चालूच राहिलं.

बावरी थरथरत टेबलाखाली गेली. “मीपण घाबरलेय हो, सुभेदारसाहेब! ऐकताय ना?” तिने पुन्हा पुन्हा विचारलं.

बऱ्याच वेळाने तिच्या पाठीवर हात आला. “ऐकतोय, पोरी. जाऊ नकोस.”