किडकिडीत डासीण आणि आटणारे डबके

मुलांनो, एका जंगलात, गवे पाणी प्यायला येत त्या डबक्यापाशी, एक किडकिडीत डासीण राहत असे. ती त्याच डबक्यात वाढली, पण शेकडो भावंडांच्या गर्दीत. शेवाळाचा कण तिच्या तोंडाशी येईपर्यंत दुसऱ्याच कुणीतरी तो गिळलेला असे. तिला पंख फुटले तेही अर्धपोटीच. आता उन्हाळा लागला होता, डबके आटत चालले होते आणि पाणी आहे तोवर अंडी कशी घालायची, हा एकच घोर तिच्या जिवाला लागला होता.

तिची धष्टपुष्ट शेजारीण म्हणाली, "त्यात काय मोठंसं! गव्याचं रक्त एकदा पोटभर प्यायचं आणि तीन दिवस पानाखाली गप्प बसायचं. माझी अंडी नाही का पिकली?" डासिणीने जीव मुठीत धरून शेपटीचे तडाखे चुकवले, पोट फुगेस्तोवर रक्त प्यायले आणि ती पानाखाली जाऊन बसली.

डबक्यातली म्हातारी जळू हे पाहत होती. रक्तातले तिच्याइतके कुणाला कळणार? ती म्हणाली, "बसू नकोस पोरी, कळप इथं आहे तोवर आणखी एकदा पिऊन ये. अंडी पिकवायचा निरोप देहातून सुटावा लागतो. तुझा देह पडला जन्माचा उपाशी. हे रक्त आधी तुझ्याच अंगी लागेल, मग निरोप सुटणार कुठून?"

"शेजारणीला एकदाच पुरलं ना?" डासीण फणकारली. "मग मी काय तिच्याहून कमी आहे?" मला तिचा राग येतो, मुलांनो, आणि कीवही येते.

तीन दिवस गेले. पंखांत थोडे बळ आले, पण अंड्यांचा पत्ता नव्हता. ती धावतपळत निघाली, तर कळप केव्हाच दूरच्या दरीत उतरलेला. तो गाठायला दोन दिवस लागले. तिथे ती पुन्हा रक्त प्यायली आणि या वेळी मात्र निरोप सुटला, अंडी भराभर पिकली. दरीतले पाणी वाहते, तिथे अंडी टिकली नसती, म्हणून जड पोट ओढत ती डबक्याकडे परतली, तेव्हा तिथे नुसता भेगाळलेला चिखल होता.

अंडी काही थांबायची नव्हती. तिने ती चिखलावरच घातली आणि शेजारी बसून राहिली. दुपारपर्यंत सगळी सुकून गेली.

तात्पर्य : उपाशी बालपण एका जेवणाने भरून निघत नाही, म्हणून भरल्या पोटी वाढलेल्याचे माप उपाशी वाढलेल्याने स्वतःला लावू नये.