ठकूबाईचा पहिला घोट

डोंगरांना अजून नावेही पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका राज्यात चहाचे मळे होते आणि साऱ्या प्रजेचे पोट त्या मळ्यांवरच चाले. दर वसंतात दूरदूरचे व्यापारी दरबारात जमत. राजाचा पारखी प्रत्येक मळ्याचा चहा चाखे. तो ज्याला उत्तम म्हणे, तोच चहा ते घेऊन जात.

वीस वर्षांत पारख्याचा शब्द कधी खोटा ठरला नव्हता. चंदेरी लव असलेल्या कळ्यांचा पांढरा चहा असो, गवतासारखा ताजा हिरवा असो की मधाचा वास येणारा काळा. एका घोटात तो मळा ओळखत असे.

एका हिवाळ्यात त्याला मोठा ताप आला. ताप उतरला, पण चव आणि वास दोन्ही घेऊन गेला. चहा त्याला नुसत्या गरम पाण्यासारखा लागू लागला. भीतीने त्याने हे कुणालाच सांगितले नाही. दरबाराला तीन आठवडे उरले, तेव्हा घरात चैन पडेना म्हणून तो पाहणीच्या निमित्ताने एका मळ्यावर गेला.

तिथे ठकूबाई नावाची म्हातारी पाने खुडत असे. पारख्याने पुढे आलेला पेला एका दमात रिकामा केला, ते तिने पाहिले. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, “पारखीबुवा, आज तुम्ही चहा हुंगला नाहीत. वास गेला का?”

पारख्याला रडू आवरेना. ठकूबाईने कुठे वाच्यता केली नाही. तिने त्याच्या तळहातावर सुकी पाने ठेवली आणि त्याला डोळे मिटायला सांगितले. नीट सुकलेले पान चुरडले की कुरकुरते, ओल धरलेले पान मुकाट दबते. कोवळी कळी बोटांना मखमलीसारखी लागते, जून पान खरखरीत. रोज काम संपल्यावर ती त्याला असे शिकवत राहिली. वीस वर्षे चहा चाखणाऱ्या पारख्याने पान कधी हातात धरले नव्हते.

दरबार भरला. एका मळ्याचा चहा दिसायला सर्वांत देखणा होता. पारख्याने चिमूटभर पाने कानाशी नेऊन चुरडली आणि सांगितले की यात ओल आहे, वाटेत बुरशी धरेल. पोते उपसले तर तळाशी पांढरी बुरशी निघाली. मग त्याने निवडलेला चहा व्यापाऱ्यांनी चाखला आणि सगळा उचलला. राजाने खूश होऊन शाल मागवली.

पारख्याला गप्प बसता आले असते. पण तो हात जोडून म्हणाला, “महाराज, माझी चव तापातच गेली. आजची पारख मळ्यावरच्या ठकूबाईने शिकवलेली आहे. शाल तिची आहे.”

 राजाने पालखी पाठवून ठकूबाईला आणवले, शाल तिच्या खांद्यावर घातली आणि पारख्याशेजारी तिच्यासाठी दुसरे आसन मांडायला लावले. आणखी काय हवे, असे त्याने विचारले. ती म्हणाली, “आम्ही बाया जन्मभर पाने खुडतो, पण पहिल्या खुडणीचा चहा आमच्या ओठांना कधी लागला नाही. एकेक घोट मिळावा.”

दुसऱ्या दिवशी पारखी स्वतः मळ्यावर गेला आणि त्याने आपल्या हातांनी साऱ्या जणींना चहा दिला. ठकूबाईने घोट घेतला आणि डोळे मिटले.

“कसा आहे, ते मला सांगाल का बाई?” पारख्याने विचारले.

ती थोडी थांबून म्हणाली, “दवात भिजलेल्या पानांचा वास आहे. आणि गिळल्यावर, सावकाश, मागून गोडी येते.”

पारख्याने आपल्या हातातला पेला ओठांना लावला. त्याला चव आली नाही. पण कितीतरी महिन्यांनी चहा पिऊन त्याचे मन भरले.

तेव्हापासून त्या राज्यात पहिल्या खुडणीचा पहिला चहा खुडणाऱ्यांनाच मिळू लागला.

तात्पर्य: ज्यांच्या हातांमुळे आपले नाव झाले, त्यांचे नाव चारचौघांत घ्यावे, कृतज्ञतेने कुणी लहान होत नाही.