वडावरचे लेखनिक

एका राज्यात वज्रसेन नावाचा राजा होता. राजा भला, प्रजा भली, पण तळे कोरडे. तळ्याला पाणी देणारा जलमणी डोंगरातल्या एका यक्षाच्या गुहेत होता आणि यक्षाचा नियम असा, की ज्याला मणी हवा त्याने लेखी अर्ज आणावा. अर्ज निर्दोष निघाला तर मणी मिळेल. एक जरी चूक निघाली, तर आणणारा तिथल्या तिथे पक्षी होईल.

राजाने दरबारचे लेखनिक एकामागून एक धाडले. सगळे पक्षी झाले. गुहेसमोरच्या वडावर बसून ते दिवसभर एकमेकांच्या चुका काढत. तुझा अनुस्वार गेला होता, म्हणे साळुंकी. तुझी वेलांटी कुठली शहाणी होती, म्हणे कावळा. माणूसपण गेले, पण खोड काही गेली नाही बघा.

शेवटी मुख्य लेखनिक शारंगधराची पाळी आली. आदल्या संध्याकाळी तो दार लावून लिहीत बसला. बायको केतकी दूध घेऊन आत गेली आणि म्हणाली, मी एकदा वाचून बघू का? शारंगधराने कागदावर हात आडवा धरला.

“लेखनिक आपले लिखाण कुणाला दाखवत नाही. तशी रीत नाही.”

दूध साय धरून तसेच राहिले. सकाळी तो गेला आणि दुपारी वडावर एक राघू वाढला.

आता या केतकीचे ऐका. ती वैद्यबुवांच्या घरी औषधांच्या पुड्यांवर नावे लिहायची. शिकली होती जेमतेम. तिचे ऱ्हस्व-दीर्घ म्हणजे दोर सुटलेल्या शेळ्या, वाटेल तिकडे चरायच्या. पण वैद्यबुवांच्या घरची एक रीत होती. एकीने पुडीवर लिहायचे, दुसरीने ते मोठ्याने वाचायचे, मगच पुडी उंबऱ्याबाहेर जायची. पोटात घ्यायचे औषध आणि अंगाला चोळायचे औषध यांची अदलाबदल झाली तर काय होते, हे त्या घराला ठाऊक होते. म्हणून चूक दाखवली तर तिथे कुणी रुसत नसे. वैद्यीणबाई केतकीच्या चुका काढायच्या आणि वर तिला लाडूही द्यायच्या.

केतकी दरबारात गेली आणि म्हणाली, अर्ज मी नेते. दरबार हसला. अर्ज न्यायची वेळ येताच गुडघेदुखीचे सोंग करून मागे राहिलेले पद्मनाभशास्त्री सगळ्यांत जास्त हसले.

“महाराज, ही चिमणी झाली तर निदान घरटे तरी बांधील.”

राजाने विचारले, “बाई, तुला भय वाटत नाही?”

“वाटते, महाराज. पण माझा माणूस झाडावर आहे.”

राजाने परवानगी दिली. केतकीने अर्ज लिहिला आणि तडक पद्मनाभशास्त्र्यांचेच घर गाठले.

“शास्त्रीबुवा, तिथे हसलात तसे इथेही हसा, पण चुका दाखवा.”

शास्त्र्यांनी आधी कागदाला हात लावला नाही. मग एक डोळा तिकडे गेला, मग दुसरा, मग बोरू हातात आला. पानावरची आमटी निवली तरी ते उठेनात. त्यांच्या बायकोने दारातून दोनदा डोकावून पाहिले आणि पदर तोंडाला लावला. कागद परत देताना शास्त्री हळूच म्हणाले, असे कुणाला दाखवायची सोय असती, तर माझे गुडघे दुखले नसते.

मग केतकी तुळसाकडे गेली. तुळसा लांबच्या झऱ्यावरून नगरात पाणी वाहायची, तिला अक्षर येत नव्हते. केतकीने अर्ज तिला मोठ्याने वाचून दाखवला. तुळसाने घागर खाली ठेवून सगळा ऐकला.

“ग्वाड हाय बाय समदं. पर पानी मागितलंस कुठं?”

केतकीने पाहिले तर खरेच. शास्त्र्यांच्या हाताखाली यक्षाची स्तुती एवढी फुगली होती, की मागणीची ओळच गळून गेली होती. तिने ती पुन्हा लिहिली.

तिसरा वाचक वडावर होता. केतकी बुंध्याशी उभी राहिली आणि तिने कागद वर धरला.

“अहो, वाचता का जरा?”

“आपले लिखाण असे दाखवायची रीत...” राघू बोलता बोलता थांबला. मग उतरला आणि तिच्या खांद्यावर बसला. वाचून झाल्यावर म्हणाला, “शेवटच्या ओळीत एक शब्द दोनदा आला आहे. माझीही चूक शेवटच्याच ओळीत निघाली. थकलो होतो. तू वाचते म्हणालीस, तेव्हा द्यायला हवा होता.”

“दूध मांजराने प्यायले,” केतकी म्हणाली, आणि जास्तीचा शब्द खोडून, सगळा अर्ज पुन्हा स्वच्छ उतरवून ती गुहेत शिरली.

यक्षाने अर्ज वाचला. उलटून पाहिला. उजेडाकडे धरला. चूक सापडली नाही.

“हे तू लिहिलेस?”

“लिहिले मी. चुका तिघांनी काढल्या.”

“आणि तुला लाज वाटली नाही?”

“वाटली. पण ती पहिल्या दारापाशीच संपली.”

यक्षाने तिचा अर्ज बाजूला ठेवला. मग त्याने आसनाखालून एक कागद काढला. घड्यांवर तो झिरझिरीत झाला होता. त्याची हकीकत अशी. यक्ष पूर्वी एका जादूगाराचा लेखनिक होता. मंत्र उतरवताना त्याचा एक शब्द चुकला आणि जादूगाराची फुललेली बाग राख झाली. जादूगाराने शाप दिला, की निर्दोष माफीचा अर्ज पाठवशील तेव्हाच सुटशील, तोवर दुसऱ्यांच्या चुका बघत बस. यक्षाने अर्ज कधीच लिहून ठेवला होता. चूक राहिली असेल या भीतीने पाठवला मात्र नव्हता, आणि दाखवणार तरी कुणाला?

“वाचतेस?” त्याने विचारले.

“माझ्या एकटीच्या नजरेचे हे काम नव्हे,” केतकी म्हणाली, आणि तिने वडावरच्या सगळ्यांना हाक मारली.

काय तो कलकलाट सांगू. कावळ्याने एक काना दिला, साळुंकीने एक मात्रा काढली, दोघे त्यावरून भांडले आणि राघूने भांडण मिटवले. ज्याची चोच दाखवील तिथे यक्ष मुकाट्याने बोरू फिरवत होता. शेवटी एकही चोच हलेना, तेव्हा त्याने खाली सही केली. कागद आपोआप उडाला आणि आभाळात दिसेनासा झाला.

त्याच क्षणी यक्षाचा शाप सुटला आणि त्याच्याबरोबर पक्ष्यांचाही. माणसे झाली खरी, पण कलकलाट करत कितीतरी जण पुन्हा फांद्यांवर जाऊन बसले होते. फांद्या मोडल्या. जो तो धोतर सावरत उठला.

यक्षाने दिलेला जलमणी तळ्यात ठेवला, तळे भरले. तुळसाचा लांबचा फेरा वाचला. राजाने फर्मान काढले, की दुसऱ्याने वाचल्यावाचून कुठल्याही कागदावर शिक्का उठायचा नाही. ते फर्मानही आधी पद्मनाभशास्त्र्यांनी वाचले. त्यांचे गुडघे तेव्हापासून ठणठणीत आहेत.

आणि शारंगधर? संध्याकाळी लिहिलेला कागद घेऊन तो चुलीपाशी येतो आणि म्हणतो, वाच. केतकी भाकरी उलटते, पिठाचा हात पुसते आणि वाचते. मग आपल्या पुड्या त्याच्या पुढ्यात सारते. त्याला तिथे पुष्कळ सापडते. दूध मात्र दोघे गरम असतानाच पितात.

त्यांच्या तळ्याला जसे पाणी आले, तसेच ऐकणाऱ्यांचेही घर भरलेले राहो.